घाम फुटला म्हणजे साखर वाढली म्हणे!

संकष्टीच्या तोंडावर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. खानापूरच्या मावशीपासून निपाणीच्या आतेभावापर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकलला. त्यात म्हटलंय: रक्तातली साखर हा एकट्या स्वादुपिंडाचा मामला, मेंदूचा संबंध नाही. मेंदूला साखर लागतही नाही. रात्रीचं जेवण सोडलं की सकाळची साखर उतरते. आणि घाम-थरथर सुटली तर साखर वाढली समजा, गोडाला शिवू नका.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यानं माणूस जायचा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर, धडधड झाली, तर पहिला संशय साखर उतरल्याचा घ्यावा. आमच्या मामांनी उपास धरला, गोळी मात्र नेहमीची घेतली. दुपारी बनियन ओलं, हात थरथरतायत, आणि घरात मराठीशिवाय न बोलणारे मामा मामीला बाजारातल्या कन्नडात भाव विचारतायत! "काय बोलालासा ओ?" म्हणत मामीनं साखर मोजायचं यंत्र लावलं. ५२.

७० च्या खाली म्हणजे कमीच. साखर अशी घसरली की हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या भागाला, ते कळतं. तिथून नसांवाटे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, यकृत साखरेचा साठा मोकळा करतं. घाम-थरथर ही त्याच धावपळीची. बरळणं मात्र खुद्द मेंदूच उपाशी पडल्याचं. साखर वारंवार उतरत असेल तर ही घंटा बोथट होते आणि माणूस घाम न येताच कोसळू शकतो.

म्हणजे 'मेंदूला साखर लागत नाही' हेही गेलं. वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जेचा खर्च जवळपास २० टक्के. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. फार दिवसांच्या उपासात तो चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर बराच भागवतो, तरी थोडी साखर लागतेच. पण म्हणून खव्याचा कुंदा खात सुटा असा अर्थ नाही. ती साखर भातभाकरीतून मिळते, यकृतही बनवतं.

संबंध नाही म्हणणाऱ्यांसाठी: एकोणिसाव्या शतकातच फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली आणि त्याच्या लघवीत साखर आली. १९६४ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या बी. के. आनंद आणि सहकाऱ्यांनी ग्लुकोजनुसार हायपोथॅलॅमसमधल्या पेशींचं काम बदलताना नोंदवलं. रोजचा मोठा कारभार स्वादुपिंडाचाच, तेवढं मेसेजचं खरं.

रात्रीच्या जेवणाचं म्हणाल तर, यकृत रात्रभर साखर सोडतच असतं. पहाटे कॉर्टिसॉल हे साखर वाढवणारं संप्रेरक वाढतं, मधुमेह्याचं इन्शुलिन पुरं पडत नाही, म्हणून न जेवताही सकाळचा आकडा चढलेला दिसू शकतो. उपास धरायचा तर गोळीचं आधी डॉक्टरांना विचारा.

मामीनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं: ८१. शेजारच्या काकू कुंद्याचा डबा घेऊन धावल्या होत्या, तो मामीनं परत पाठवला. खव्याच्या चरबीमुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो, आणि तेव्हा वेळच नसतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना गाठा. मामा शुद्धीवर येऊन पहिलं काय म्हणाले? "संकष्टी मोडली काय गं?"