ट्यूना महागला म्हणजे संपला? एका फॉरवर्डचा प्रतिवाद

टोकियोच्या बाजारात एक ट्यूना २१ कोटी रुपयांना गेल्याचा व्हिडिओ ग्रुपाग्रुपांत फिरतोय. खाली मजकूर असा : ‘मासा संपला म्हणून हा भाव. सरकारी कोटे फक्त कागदावर.’ विक्री खरी आहे. बाकीचं तपासून बघू.

आधी भाव. हा सौदा जानेवारी २०१९ चा, नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावातला : २७८ किलोचा ब्लूफिन जातीचा ट्यूना, ३३ कोटी ३६ लाख येन. घेणारा सुशी हॉटेलांच्या साखळीचा मालक. एवढे पैसे कोणी नुसत्या माशाचे मोजत नाही, ती जाहिरात असते. याच लिलावात २०२१ साली, कोरोनात हॉटेलं थंड पडलेली असताना, सर्वांत महाग मासा २ कोटी ८ लाख येनांना गेला. भावावरूनच हिशेब करायचा तर दोन वर्षांत समुद्रात ट्यूना सोळापट झाला म्हणायचं का?

शिवाय संपला तो कोणता ट्यूना? जगभर पकडल्या जाणाऱ्या ट्यूनात निम्म्याहून जास्त स्किपजॅक असतो. लक्षद्वीपचे मच्छीमार गळाने पकडून ज्याचा मासमीन (शिजवून, धुरी देऊन वाळवलेला मासा) करतात, तोच. ब्लूफिन जेमतेम टक्काभर.

आता कोटे, म्हणजे वर्षाला किती मासा पकडायचा याची मर्यादा. ‘कागदावर’ हा आरोप एके काळी शंभर टक्के खरा होता. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या ब्लूफिनचा कोटा माद्रिदची ‘आयकॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. शास्त्रज्ञ १५,००० टनांच्या आसपास थांबा म्हणत असताना २००७ चा कोटा ठेवला २९,५०० टन, आणि शास्त्रज्ञांच्याच अंदाजाने प्रत्यक्षात मारले गेले ६१,००० टन. २०१० मध्ये दोह्यात, धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, मोनॅकोने या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी मागितली, तीही ६८ विरुद्ध २० मतांनी पडली.

पण मजकूर लिहिणारा तिथेच अडकलाय. २००७ नंतर कोटा खरोखर उतरला : २०१० मध्ये १३,५००, पुढच्या वर्षी १२,९०० टन. विमानातून थवे हेरायला बंदी होतीच, मोठ्या जाळ्यांच्या बोटींचा हंगाम महिनाभरावर आला, बोटीवर निरीक्षक बसले. जिवंत मासे पुष्ट करायला पाण्यातल्या पिंजऱ्यात सोडतात, तेव्हा त्यांच्या दारात जोडकॅमेरा लावून संख्या आणि लांबी मोजतात, म्हणजे वजनात हात मारणं अवघड होतं. साठा सावरला तसा कोटा वाढत २०२० मध्ये ३६,००० टनांवर गेला. धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत २०११ साली ‘संकटग्रस्त’ असलेला अटलांटिक ब्लूफिन २०२१ मध्ये त्या वर्गातून बाहेर पडला. (पश्चिम अटलांटिकचा साठा मात्र इतका सावरलेला नाही.)

आणि व्हिडिओतला मासा? तो पॅसिफिकचा. त्याचा अंडी घालणारा साठा मासेमारीपूर्व पातळीच्या दोन-अडीच टक्क्यांवर घसरला होता. ३० किलोखालच्या पिल्लांची पकड २००२-०४ च्या निम्म्यावर आणायचं ठरलं आणि २०२४ च्या पाहणीत तो २३ टक्क्यांवर निघाला. उद्दिष्ट २० चं होतं, तेही २०३४ पर्यंत.

चोरी थांबलेली नाही, हे मान्य. २०१८ मध्ये युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि स्पेनच्या पोलिसांनी बेकायदा ब्लूफिन विकणाऱ्या ७९ जणांना पकडलं. त्यांचा धंदा वर्षाला अंदाजे २,५०० टनांचा होता. त्या वर्षीचा कोटा होता २८,२०० टन. २००७ मध्ये तर कोट्याबाहेरची लूट कोट्याहूनही मोठी होती.