‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?’ : फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

घरगुती उपायांचा एक लांबलचक संदेश सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा गोषवारा असा : औषधं म्हणजे रसायनं, निसर्गातली वस्तू कधी बाधत नाही, माणसाला चालतं ते कुत्र्या-मांजरालाही चालतं. म्हणून गोचिडांवर रोज लसूण द्या, खाज सुटली तर टी ट्री ऑइल (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) चोळा, विषारी काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, यात मला शंका नाही. पण यातल्या काही सल्ल्यांनी जनावर दगावू शकतं. म्हणून एकेक दावा घेऊन लिहितोय.

‘लसणाने गोचीड पळतात. आपण रोज खातो, त्यांना काय होणार?’

लसूण आणि कांदा यांत गंधकाची काही संयुगं असतात. कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ती इजा करतात, तांबड्या पेशी फुटू लागतात आणि रक्तक्षय होतो. मांजराचं हिमोग्लोबिन तर यात जास्तच नाजूक. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदा रक्तात बिघाड करायला पुरतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला जेमतेम २० ग्रॅम. लसूण त्याहून तीव्र. शिजवून, वाळवून हा गुण जात नाही. पावडरीत तर तो एकवटलेला असतो.

एका पाकळीने धडधाकट मोठा कुत्रा लगेच कोसळेल, असं मी म्हणत नाही. पण संदेशात ‘रोज’ लिहिलंय, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्रास त्याच दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे त्याचा लसणाशी संबंध कुणी जोडतच नाही. कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी असायला हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि बोट काढल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा रंग भरतो. हिरडी फिकट किंवा पिवळसर दिसली, लघवी गडद तपकिरी झाली, जनावर दोन पावलांत दमायला लागलं, तर थांबू नका, पशुवैद्याकडे न्या. आणि एवढं करून लसणाने गोचीड पळतात याचा भरवशाचा पुरावा नाहीच.

‘टी ट्री ऑइल चोळा, बाहेरूनच तर लावायचंय’

मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवतं. मानेमागे लावलेलं तेल पंजाला लागतं, पंजा तोंडात जातो. तिच्यासाठी ‘बाहेरून लावायचं’ असं औषध जवळजवळ नसतंच. शिवाय तेलातली टर्पिनं, म्हणजे त्याला उग्र वास देणारी संयुगं, कातडीतूनही रक्तात उतरतात. २००२ ते २०१२ या काळात अशा विषबाधेच्या नोंद झालेल्या ४४३ घटनांचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. कुत्री आणि मांजरं दोन्ही त्यात होती. लाळ गळणं, सुस्ती, झोकांड्या, थरथर, मागच्या पायांतलं बळ जाणं ही लक्षणं. मला सर्वांत जास्त चटका लावून जातं ते हे की बहुतेक घटनांत तेल चुकून सांडलेलं नव्हतं. मालकांनी ते प्रेमाने, उपचार म्हणून लावलं होतं.

खाज पिसवांमुळे असेल आणि घरी काही करायचंच असेल तर बारीक दातांचा कंगवा वापरा, अंथरूण गरम पाण्याने धुवा, कानेकोपरे झाडा. पिसवांची अंडी, अळ्या, कोष अंगावर कमी आणि घरातच जास्त असतात. हाही घरगुतीच उपाय आहे, आणि कामाचा आहे.

‘माणसाला चालतं ते त्यांनाही चालतं’

मांजराच्या यकृतात एका महत्त्वाच्या विकराचा (एन्झाइमचा) जनुक बिघडलेला असतो. जे पदार्थ आपलं यकृत बांधून बाहेर टाकतं, त्यांतले बरेच तिच्या शरीरात साचत राहतात. म्हणूनच पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याची गोष्ट वेगळी : काही झाडांतही सापडणारा झायलिटॉल हा गोडवा आपल्याला पचतो, कुत्र्याच्या रक्तातली साखर मात्र तो झपाट्याने खाली आणतो. मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर लहान माणूस नव्हे, कुत्रा मोठं मांजर नव्हे.

‘निसर्गातल्या गोष्टीला साइड इफेक्ट नसतो’

लिलीच्या फुलाचे अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लिली पूर्णपणे नैसर्गिक आहे. माणसांचंही तेच. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. मन प्रसन्न राहावं म्हणून घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि अवयवरोपणानंतरच्या औषधांचा परिणाम कमी करते.

वनस्पतीत औषधी गुण असतात, हे मी मनापासून मानतो. विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्याने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांचे औषध म्हणून आलेले अनुभव छापले. त्यात गुण जसा नोंदवलाय तसा मात्रा चुकल्यावर होणारा त्रासही : उलट्या, मंदावलेली नाडी, पिवळं-हिरवं दिसणं. ज्या वनस्पतीत गुण देण्याइतकी ताकद आहे तिच्यात अपायाचीही आहे. फिरत्या संदेशात मात्रा, वजन, वय यांतलं काहीच नसतं.

‘जनावराला मनाचे खेळ कळत नाहीत, तरी गुण आला, म्हणजे उपाय खरा’

हा दावा सर्वांत पटणारा आहे, म्हणून जरा थांबून बघू. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, कुत्र्यावर चालत नसेल, पण बघणाऱ्यावर चालतो. संधिवाताने लंगडणाऱ्या कुत्र्यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना औषध म्हणून निव्वळ प्लासिबो दिलेला होता. पाय जमिनीवर किती जोराने टेकतो हे मोजणाऱ्या यंत्रावर सुधारणा नसतानाही अनेक मालकांना आपला कुत्रा बरा वाटला. तपासणाऱ्या पशुवैद्यांचीही तशीच फसगत झाली. आपल्या लाडक्याचं दुखणं कमी व्हावं अशी इतकी ओढ असते की डोळे तेच बघतात.

त्यात दुखणं चढउताराचं असतं. खाज अगदी असह्य झाली की आपण उपाय शोधतो, आणि तिथून ती बहुधा उतरणारच असते. श्रेय मात्र त्या दिवशी लावलेल्या तेलाला मिळतं. मुकं जनावर ‘अजून दुखतंय’ असं सांगत नाही, म्हणून आपण जास्त काटेकोर असायला हवं.

‘विष पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा’

हे कधीही करू नका. उलटी झाली नाही तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जातं, मेंदूवर परिणाम होतो. दाहक द्रव किंवा रॉकेलसारखं काही गिळलं असेल तर उलटीनेच इजा वाढते. बाटली किंवा पाकीट हातात घ्या, किती गेलं आणि केव्हा याचा अंदाज करा, आणि पशुवैद्याला फोन लावा.

‘कुत्रा चावला तर तिखट किंवा पाल्याचा रस भरा’

संदेशाच्या शेवटच्या ओळीत हे आहे. जखमेत यातलं काहीही भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, आणि लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. त्याआधी वेळेवर घेतलेली लस वाचवते. चावणारा कुत्रा घरचा असेल तर त्याच्या लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.