डिझाइनमधले जाणकार व्हा, वस्तूला हात न लावता

चांगलं डिझाइन कुठलं आणि वाईट कुठलं हे ओळखणं एकदम सोपंय, लोक उगाच त्याचा बाऊ करतात. अट एकच, वस्तू वापरायची नाही. एकदा वापरली की ती हाताला टोचते का, घाण कुठे अडकते, धुवायची कशी, असले फालतू प्रश्न डोक्यात येतात आणि चांगलं मत नासतं. त्यापेक्षा चार पावलं मागे व्हा, मान जरा तिरकी करा आणि म्हणा, 'काय क्लीन आहे!' झालात तुम्ही जाणकार.

पुरावा हवाय? फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कचा लिंबू स्क्वीझर घ्या. अलेस्सी कंपनीने १९९० मध्ये आणला. ॲल्युमिनियमचा चकचकीत, तीन लांब पायांवर उभा, अगदी कोळ्यासारखा. वरच्या टोकावर अर्धं लिंबू दाबून फिरवायचं, रस ओघळत खाली येतो आणि पायांमधे ठेवलेल्या ग्लासात पडतो, पडला तर. बिया अडवायला जाळी वगैरे नाही, त्याही येतात सोबत. आता तुम्ही म्हणाल हे काय, पण तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधे आहे, तुमचा बिया अडवणारा कुठल्या म्युझियममधे आहे सांगा बरं. पुढे त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली आणि तिच्यात लिंबू पिळू नका अशी सूचना आली, कारण आंबट रसाने मुलामा खराब होतो. लिंबू स्क्वीझर, फक्त लिंबू तेवढं वर्ज्य. अहो, याहून शुद्ध डिझाइन अजून काय असतं.

दाराच्या बाबतीत मात्र लोक फार किरकिरे. काचेचं सुंदर दार, दोन्ही बाजूंना तीच उभी स्टीलची दांडी, आणि येणारा प्रत्येक जण ती धरून ओढतो, दार हलत नाही, मग इकडेतिकडे बघत कसनुसं हसून ढकलतो. डॉन नॉर्मन म्हणून एक गृहस्थ १९८८ पासून कानीकपाळी ओरडतायत की जिथे ढकलायचंय तिथे नुसती सपाट पट्टी लावा, धरायला काही नसलं की माणूस आपोआप ढकलतो. तक्रार यांनी केली आणि आता असल्या दारांना लोक यांच्याच नावाने 'नॉर्मन डोअर' म्हणतात, भोगा. तुम्ही त्या पट्टीच्या फंदात पडू नका. 'ढकला' असा छोटा स्टिकर लावा. तरी ओढतायत? मोठा लावा. मग लाल. मग एक अख्खा कागद, 'दार ओढू नये, हुकमावरून', चारी कोपऱ्यांना सेलोटेप. कोणी कागदाचं कारण विचारलं तर सांगायचं, पब्लिकला वाचता येत नाही.

कारण चूक ही कायम वापरणाऱ्याचीच असते, हे सोडायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानं नीट उतरायची आणि मग पायलट फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेची हलती पट्टी) आत घ्यायला जायचा तर चाकंच आत घ्यायचा, की विमान बसलंच पोटावर. 'पायलटची चूक' असा सुटसुटीत शेरा तयार होता, तर अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने जाऊन कॉकपिटच बघितलं (गरज होती का?), दोन्ही कंट्रोल जवळजवळ आणि दिसायला सारखेच. त्याने एकाला छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा, की अंधारात हाताला पण कळावं. मग तो प्रकार थांबला. शेरा मारायची सोय गेली ती गेलीच.

घरची शेगडी बघा. बर्नर चार, चौकोनात. नॉब चार, एका ओळीत. कुठला नॉब कुठल्या बर्नरचा हे सांगायला शेजारी चार टिंबांचं बारीक चित्र, त्यातलं एक टिंब भरीव, आणि ते पुसता पुसता कधीच उडून गेलेलं. नॉब पण चौकोनात बसवले असते तर चित्र लागलंच नसतं, पण मग फोटोत ती सरळ ओळ कुठून आली असती? दूध या बर्नरवर आणि गॅस त्या बर्नरचा मोठा केला तर वेंधळे तुम्ही.

आणि बटण दिसलं की नाक मुरडायला शिका. बटण म्हणजे मागासलेपण, सगळं कसं एका काळ्याभोर काचेत पाहिजे. युरोपात गाड्यांची सेफ्टी तपासणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून म्हणतेय की इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि इमर्जन्सी कॉल यांना खरीखुरी बटणं किंवा दांड्या द्या, नाहीतर पूर्ण स्टार मिळवणं अवघड करू. म्हणे स्क्रीनवर शोधताना नजर रस्त्यावरून हटते. हटू दे की, एवढी महागाची स्क्रीन लावलीय ती बघायलाच ना! सेटिंग्जमधे जा, मग व्हेइकल, मग एक्स्टिरियर, तिथे नसेल तर मागे या आणि कम्फर्टमधे बघा, चिडचिड करू नका, पाऊस थांबेपर्यंत वायपर सापडतो.