'आग कागदाने विझत नाही' म्हणणाऱ्यांना उत्तर

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. आग पाण्याने विझते, कागदाने नाही. पंप सुरू होतो, हायड्रंटला (आग विझवण्यासाठी मजल्यांवर बसवलेल्या नळाला) पाणी येतं, एवढं पुरे. इमारतीची माहिती अग्निशमन दलाला असतेच. फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं एजन्सीचं प्रमाणपत्र, ही निव्वळ एजन्सीची कमाई. हे वाचून एखाद्या कमिटीने नोंदी ठेवणं सोडलं तर त्याची झळ वरच्या मजल्यांवरच्या माणसांना बसेल. म्हणून एकेक दावा घेतो.

'पंप सुरू होतो, पाणी येतं, एवढं पुरे.'

फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत 23 फेब्रुवारी 1991 च्या रात्री 22 व्या मजल्यावर आग लागली. तिथेही पाणी येत होतं. पण हायड्रंटवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह होते आणि ते चुकीच्या दाबाला लावलेले होते. जवानांना आगीशी लढण्याजोगी धार मिळेना. वीजही गेली होती. ते व्हॉल्व्ह जुळवता येणारा तंत्रज्ञ पोहोचायला काही तास लागले. तीन जवानांनी जीव गमावला. सुमारे 19 तास धुमसलेली आग अखेर 30 व्या मजल्यावर, छतातून आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर होते तिथे अडली.

कोणता व्हॉल्व्ह किती दाबाला लावला, चाचणीत प्रत्यक्ष किती दाब मिळाला, या दोन आकड्यांची नोंद असती आणि ती कुणी वाचली असती, तर ही चूक आगीआधी पकडता आली असती. नुसतं पाणी येताना पाहून ती कळत नाही.

आपल्याकडचा जॉकी पंप घ्या. लाइनमधला दाब थोडा उतरला की तो आपोआप सुरू होतो. दिवसातून एकदोनदा चालणारा पंप तासातासाला चालू लागला, तर लाइन कुठेतरी गळते आहे. वॉचमनला फक्त पंपाचा आवाज येतो, आणि वॉचमनही बदलत राहतात. फरक दिसतो तो वहीत. दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह बंद केला आणि उघडायचा राहिला, पंपाचं पॅनेल ऑटोवरून मॅन्युअलवर टाकलं आणि तसंच राहिलं, असे प्रकार या कामातल्या कुणालाही नवे नाहीत. कुणी बंद केलं, कधी, पुन्हा कुणी सुरू केलं: या तीन रकान्यांची वही पंपरूममध्ये टांगायला काहीच खर्च येत नाही.

'अग्निशमन दलाला सगळं ठाऊक असतं.'

नसतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीत 14 जून 2017 ला लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. त्या रात्री दलाकडे इमारतीचे आतले नकाशे नव्हते, आणि लिफ्टही जवानांना ताब्यात घेता आली नाही. चौकशीने प्रामाणिकपणे म्हटलं की वरचे मजले एकसारखे असल्याने नकाशांवाचून फारसं अडलं नाही. तरीही नकाशे सक्तीचे करा, लिफ्टची नियमित तपासणी करून निकाल दलाला कळवा, अशी शिफारस केलीच. दुसऱ्या इमारतीत मजले एकसारखे असतीलच असं नाही. इंग्लंडमध्ये 2023 पासून उंच निवासी इमारतींत नकाशांची सुरक्षित पेटी ठेवणं बंधनकारक आहे.

नकाशे बिल्डरकडे असतात म्हणून आपल्या सोसायट्या स्वस्थ बसतात. ते मागून घ्या, नंतर झालेले बदल त्यावर चढवा आणि गेटवर ठेवा.

'फॉर्म बी ही एजन्सीची कमाई.'

इमारत न बघता सही करणाऱ्या एजन्सी आहेत, आणि याची चीड येणं योग्यच आहे. पण महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं तसं प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यावं लागतं, तोच फॉर्म बी. सही एजन्सीची असली तरी जबाबदारी सोसायटीकडेच राहते.

खोट्या सहीवर उपाय म्हणजे जास्त तपशील मागणं. पुढच्या तपासणीला एजन्सीच्या माणसाबरोबर सर्वांत वरच्या हायड्रंटपाशी जा. पंप चालू असताना, पाणी सोडलेलं असताना गेजवर दाब किती दिसतो ते तारखेसह लिहून घ्या, त्याची सही घ्या आणि मागच्या आकड्याशेजारी मांडा. आकडा द्यायला जो तयार नसेल, त्याचं बिल मंजूर करू नका.