‘डीए ५०’च्या लिंकचा भाव नेमका कशाचा?

छोट्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज गेली काही वर्षं फिरतोय. शब्द बदलतात, गाभा तोच: ‘गूगलवर वर यायचं तर बॅकलिंक लागतात. साइटचा डीए जितका जास्त, तितकी लिंकची ताकद जास्त, म्हणून दर जास्त. एकदाच पैसे भरा, लिंक कायमची. मोठे ब्रँड हेच करतात, कुणाला काही होत नाही.’ खाली दरपत्रक. मी लहान धंद्यांच्या वेबसाइट सांभाळतो, त्यामुळे ‘हे घेऊ का?’ असं विचारत कुणी ना कुणी तो मला पाठवतंच. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायचा कंटाळा आला, म्हणून हे एकदाच.

‘बॅकलिंक लागतात.’ बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक. हे बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणून तर पुढचं सगळं पचतं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या पेजरँकचा, म्हणजे गूगलच्या मूळ क्रमवारी-सूत्राचा, पायाच हा होता की एखाद्या पानाकडे कोणकोणती पानं बोट दाखवतात ते मोजायचं. पण त्यात एक गोष्ट गृहीत होती: बोट दाखवणाऱ्याने त्याचे पैसे घेतलेले नाहीत. स्थळाची चौकशी आपण शेजाऱ्यांकडे करतो ती याच भरवशावर. मुलाकडच्यांनी शेजाऱ्यालाच पाकीट दिलंय हे कळल्यावर त्या चौकशीला काय अर्थ उरतो? शिवाय लिंकचं वजन पूर्वीइतकं राहिलेलंही नाही. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅमविषयक धोरणात लिंकला लावलेलं ‘महत्त्वाचा’ हे विशेषण काढून टाकलं, नुसता ‘घटक’ ठेवला.

‘डीए जास्त, ताकद जास्त, म्हणून दर जास्त.’ सगळा बाजार या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू. डीए (डोमेन ऑथॉरिटी), म्हणजे साइटचं वजन किती हे सांगणारा, मोझ नावाच्या कंपनीने काढलेला आकडा; डीआर (डोमेन रेटिंग) हा तसलाच, एचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही खासगी कंपन्यांचे स्वतःचे अंदाज. गूगल डीए वापरत नाही, हे खुद्द मोझच सांगते. म्हणजे ज्या आकड्यावर तुम्ही पैसे मोजताय, तो आकडा ज्याच्यासाठी मोजताय तो बघतच नाही.

बरं, तो आकडा तरी खरा असतो का? मुदत संपलेली जुनी डोमेनं विकत घ्यायची, त्यांच्या लिंक आपल्या साइटकडे वळवायच्या, की डीआर चढतो. ‘डीआर ५०पर्यंत नेऊन देतो’ अशी सेवा फ्रीलान्सच्या बाजारात उघडपणे विकली जाते. चढवलेल्या डीआरवर मग विक्रेता चढा दर लावतो. दुधात पाणी घालणाऱ्यानेच फॅट मोजायचं यंत्रही आणावं, तसला हा प्रकार.

विक्रेत्याची शीट कधी मिळाली तर नीट बघा. साइटचं नाव, डीए, डीआर, ट्रॅफिक, दर. आणि पुष्कळदा शेवटी आणखी एक रकाना: कॅसिनोचा दर, साध्या दराच्या दीडपट-दुप्पट. हा रकाना मला सगळ्यात बोलका वाटतो. ज्या साइटवर जास्त पैशांत जुगाराची लिंक लागते, तिथेच तुमच्या पैठणीच्या दुकानाची लिंक शेजार करणार. वर तीच साइट तीन एजंटांच्या शीटमध्ये तीन दरांनी सापडते. साइटमालकाला किती मिळतात आणि मधल्यांचं कमिशन किती, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. असा भाव कुठल्याही मालाचा असता, तर आपण दुकानाची पायरीही चढलो नसतो.

‘लिंक कायमची.’ साइटमालकाने डोमेनचं नूतनीकरण करेपर्यंत कायमची. लेख काढला, साइट विकली, लिंकला गुपचूप नोफॉलो (‘ही लिंक धरू नका’ असं गूगलला सांगणारा टॅग) लावलं, तर दाद कुणाकडे मागणार? बिल तर निघतं ‘कंटेंट सर्व्हिस’च्या नावाने, लिंकच्या नाही.

‘मोठे ब्रँड हेच करतात.’ केलं होतं की! अमेरिकेतल्या जेसीपेनी या दुकानसाखळीचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये बाहेर काढलं. ‘ड्रेसेस’पासून गालिच्यांपर्यंत ५९ शब्दांसाठी तिचा सरासरी क्रमांक होता १.३. सॅमसोनाइटच्या बॅगा शोधल्या तर खुद्द सॅमसोनाइटच्याही वर जेसीपेनी! कारण हजारो असंबद्ध पानांवर पेरलेल्या लिंक. अणुअभियांत्रिकीच्या एका साइटच्या तळाशी ‘ब्लॅक ड्रेसेस’. आपण असं काही करायला सांगितलंच नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं. गूगलने हात घातल्यावर काही दिवसांत सरासरी १.३वरून ५२वर गेली.

‘वर्तमानपत्राच्या साइटवरची लिंक म्हणजे सोनं’ असं एक उपकलमही त्या मेसेजात कधीकधी असतं. ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलं विकणाऱ्या कंपनीने प्रादेशिक वर्तमानपत्रांत पैसे देऊन लिंकवाले लेख छापून आणले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये फुलांच्या ऐन हंगामात ती निकालांतून गायब झाली. ११ दिवसांनी परतली. लिंक देणाऱ्या वर्तमानपत्रांचाही पेजरँक घसरला. आणि जानेवारी २०१२ मध्ये तर क्रोमच्या जाहिरात मोहिमेत पैसे दिलेली एक लिंक सापडली, तेव्हा गूगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाला ६० दिवस खाली ढकललं.

मात्र एक कबूल करतो. जेसीपेनीची युक्ती काही महिने चालली होती, सुट्टीच्या हंगामात जोरात चालली. विकत घेतलेल्या लिंकने कधीच फरक पडत नाही, असं म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. प्रश्न इतकाच की तेवढ्यात वसुली होईल, अशी उलाढाल तुमची आहे का.

‘कुणाला काही होत नाही.’ यातली गंमत अशी की आता बहुधा खरंच काही होत नाही. गूगलचं २०१२चं पेंग्विन, म्हणजे असल्या लिंक हेरणारा प्रोग्रॅम, शिक्षा करायचं. सप्टेंबर २०१६पासून ते अशा लिंककडे नुसतं दुर्लक्ष करतं, आणि डिसेंबर २०२२मध्ये स्पॅमब्रेन नावाची यंत्रणाही याच कामाला लावली गेली. म्हणून साइट आहे तिथेच राहते, आणि विक्रेता छातीठोकपणे सांगतो, ‘बघा, पेनल्टी आली का?’ नाही आली. पैसेही नाही आले.

शहरातल्या एका भागात चालणाऱ्या दुकानासाठी तर हा हिशेब आणखी सोपा आहे. मॅपवरच्या निकालांसाठी गूगल तीन गोष्टी सांगतं: शोधाशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी. प्रसिद्धीत लिंकही मोजल्या जातात, पण ग्राहकांचे रिव्ह्यूही मोजले जातात, आणि रिव्ह्यू मिळवायला काउंटरवर नम्रपणे विचारावं लागतं, एवढाच खर्च.

तरीही लिंक घ्यायचीच असेल, तर जाहिरात म्हणून घ्या: ‘स्पॉन्सर्ड’ असा टॅग लावून (२०१९पासून त्याची वेगळी सोय आहे), आणि त्या पानावरून महिन्याला किती माणसं बाहेरच्या लिंकवर जातात, याचा स्क्रीनशॉट आधी मागून. मी हा स्क्रीनशॉट आजवर अनेकांकडे मागितला. उत्तरादाखल दर वेळी डीएच आला.

ज्यांनी आधीच घेतल्यात त्यांनी घाबरून डिसअव्हाउ फाइल (‘या लिंक धरू नका’ असं गूगलला कळवणारी यादी) बनवत बसू नये. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं साधन) ‘मॅन्युअल ॲक्शन’, म्हणजे गूगलने साइटवर केलेल्या कारवाईचं पान, उघडून बघा. तिथे काही नसेल तर ते पान बंद करा आणि पुढचं बिल तेवढं थांबवा.