पिवळा रंग चोळून पोट आरपार दिसत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय: 'मिठाईचा पिवळा रंग पोटावर चोळा, आतडी दिसतील, सोनोग्राफीचा खर्च वाचेल.' चोळू नका.

मूळ प्रयोग खरा आहे, पण उंदरांवरचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तो सप्टेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत मांडला. रंग टार्ट्राझिन, म्हणजे खाण्याचा लेमन यलो.

कातडीतून आरपार दिसत नाही ते मुख्यतः प्रकाश आत विखुरतो म्हणून. पाणी आणि चरबी-प्रथिनं यांचे अपवर्तनांक (प्रकाश किती वळेल ते सांगणारा आकडा) वेगळे, त्यामुळे किरण जागोजागी वळतो. आपल्या सोलापुरी टॉवेलचंच बघा ना! पातळ पांढरा पंचा भिजला की खालचा अंगाचा रंग दिसायला लागतो. धाग्यांमधल्या हवेच्या जागी पाणी येतं, अपवर्तनांकातला फरक घटतो, विखुरणं कमी होतं. टार्ट्राझिन निळा प्रकाश जोरात शोषतं आणि त्यामुळेच लाल प्रकाशापुरता कातडीतल्या पाण्याचा अपवर्तनांक चरबीच्या जवळ सरकतो. दिसतं तेही लालसरच, आणि धुतलं की परत होतं तसं.

माणसाची कातडी उंदरापेक्षा कितीतरी जाड. आणि बुंदीच्या घाण्यावर आचाऱ्यांचे हात वर्षानुवर्षं पिवळे होतात. कुणाची हाडं दिसली का?