तुमच्या वडिलांच्या स्क्रू पान्याबद्दल, आणि टिंब असलेल्या स्क्रूबद्दल

नमस्कार,

‘घरासाठी पाने घेताना’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. ‘आधी रिंग पाने घ्या, स्क्रू पाना सगळ्यात शेवटी’ असं मी लिहिलं होतं. (रिंग पाना म्हणजे नटाला सगळीकडून वेढणारा एकाच मापाचा पाना; स्क्रू पाना म्हणजे चाक फिरवून जबडा कमीजास्त करता येणारा.) तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षं प्लंबिंगचं काम एका बारा इंची स्क्रू पान्यावर केलं, त्यावर घर उभं केलं, आणि माझं ते वाक्य तुम्हाला त्यांच्या हाताचा अपमान वाटलं. शिवाय जपानी स्क्रूड्रायव्हर वेगळा घ्या म्हणणं ही नुसती हौस आहे, ‘स्टार तो स्टार’, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी खाच सगळी सारखीच, असं तुम्ही म्हणता. आणि मी नाशिकचा असल्यामुळे तिथल्या तपारिया या अवजारांच्या कंपनीची जाहिरात करतो, असंही.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी आहे. नळाचा नट, युनियन, सिंकखालचं कपलिंग यांची मापं एका घरात एक, शेजारच्या घरात दुसरी. प्लंबरने पिशवीत वीस पाने भरून चार मजले चढायचे का? तिथे स्क्रू पानाच हवा. लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त मोटरसायकल होती आणि मी ते सांगितलं नाही. लेखात आज दुरुस्ती केली आहे.

पण एक आठवून बघा. वडील पाना कुठल्या बाजूने लावायचे? सरकता जबडा ज्या बाजूला असतो, त्याच बाजूला ते दांडा ओढत असणार. म्हणजे मुख्य जोर अखंड, पक्क्या जबड्यावर येतो. उलटा लावला तर तो सरकत्या जबड्यावर येतो, जबडा किंचित उघडतो आणि नटाची धार खातो. नटाला लावल्यावर चाक पुन्हा अंगठ्याने आवळून घेणं, ही दुसरी सवय. या दोन सवयी असलेल्या माणसाच्या हातात स्क्रू पाना नट खराब करत नाही. घरोघरी खिळ्यांच्या डब्यात पडलेला पाना मात्र अशा हातात नसतो, आणि मी त्या घरांसाठी लिहीत होतो.

लांबीचाही प्रश्न आहे. दहा नंबरचा रिंग पाना आखूड आणि एकोणीसचा लांब, हे लोखंड वाचवायला केलेलं नाही. सहा मिलिमीटरच्या साध्या 8.8 (हा मजबुतीचा आकडा) बोल्टला, म्हणजे ज्याच्या डोक्याला दहाचा पाना लागतो त्याला, साधारण 10 न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) पुरतात. वीस सेंटिमीटरच्या दांड्यावर तो जेमतेम 5 किलोचा जोर झाला. बारा इंची पान्यावर तुम्ही सहज 10 किलोने ओढलंत तरी बोल्टवर त्या 10 न्यूटन-मीटरच्या तिप्पट येतं. हाताला ते जाणवतही नाही. समोर इंजिनाचं ॲल्युमिनियम असेल तर आटे बाहेर येतात, आणि मग पाचशे कामं वाढतात.

रिंग पान्याचा माझा आग्रह माझ्या आरएक्स 100 मोटरसायकलमुळे आहे. एका गॅरेजमध्ये तिच्या ऑइलचा बोल्ट झिजलेल्या पान्याने इतका घुमवला होता की डोकं जवळजवळ गोल झालं होतं. नेहमीचा बाराकोनी रिंग पाना लावला, सटकला. उघड्या तोंडाचा फिक्स पाना तर अशा वेळी दोनच कोपरे धरतो, त्याचा विचारच नको. शेवटी सहाकोनी गोटी (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट) ठोकून बसवली, कारण तिचा जोर कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर जास्त येतो. टॉमी, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, हळूच दाबली आणि बोल्ट ‘टक’ करून सुटला. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

आता स्टार. इथे मी एक पाऊलही मागे घेणार नाही. आपण ज्याला स्टार म्हणतो तो हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसाच्या नावाने ओळखला जातो. 1936 मध्ये कॅडिलॅक गाड्यांत तो वापरला गेला आणि तिथून पसरला. जपानने स्वतःचं मानक केलं, त्याला जेआयएस म्हणतात. खाच दिसायला सारखीच, पण फिलिप्सचं टोक जास्त टोकदार आणि त्याच्या पाकळ्यांच्या बेचक्यात गोलाई. जपानी खाचेत ते टोक आधी तळाला टेकतं आणि पाकळ्या भिंतींना नीट भिडतच नाहीत. जोर लावला की स्क्रूड्रायव्हर वर उचलला जातो आणि खाच चघळली जाते. जपानी टोक बोथट असतं, तळाशी पूर्ण बसतं. अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक टिंब असतं, तेवढं बघून घ्या.

माझ्या मिकुनी कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलचा, म्हणजे खालच्या पेट्रोलच्या वाटीचा, एक स्क्रू असाच चघळलेला होता. खाचेत व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट, म्हणजे पकड देणारा खरखरीत लेप, चिमूटभर लावली, दोन नंबरचा जपानी स्क्रूड्रायव्हर उभा धरून मुठीवर हातोडीने दोन हलके ठोके दिले, तळहाताचा सगळा भार वरून दिला आणि स्क्रू आधी केसभर आवळला. मग सोडवला. निघाला. त्याआधी महिनाभर मी फिलिप्सने झटत होतो. याला हौस म्हणू नका.

जाहिरातीबद्दल. तपारियाचा कारखाना सातपूरला आहे, त्यांची अवजारं हाताळतच मी मोठा झालो, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. पण मी कुणाकडून पैसा घेत नाही. अंगाने पक्का आणि मापाला बरोबर असलेला पाना कुठल्याही नावाचा घ्या, माझी हरकत नाही. बाकी, स्क्रू पान्याचा आजचा घाट स्वीडनच्या युहान पेटर युहानसन यांनी 1892 च्या सुमारास घडवला, आणि तपारियाची सुरुवातही एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने झाली. तुमच्या वडिलांच्या पान्याचं मूळ असं लांबचं आहे.

वडील गेल्यापासून तो पाना माळ्यावर गंजतोय, असं तुम्ही शेवटी लिहिलंत. कृपा करून भंगारात देऊ नका. दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने जबड्याची खाच घासा. चाकाची पिन बाजूचा बारीक स्क्रू सोडवून काढता येते. काढताना वर कापड धरा, आत स्प्रिंग असू शकते आणि ती उडते. चाकावर मशीन ऑइलचे दोन थेंब पुरतात. मोकळं फिरायला लागलं की मला नक्की कळवा.